मलमसाहेबांचं पत्र

आमच्या साहेबांना ऑफिसात सगळे 'मलम' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना ते माहीत आहे, आणि माझा अंदाज असा की ते त्यांना आवडतं. कुणाच्या कारखान्यात आग लागली, कुणाच्या शाळेची भिंत पडली, कुठला बडा अधिकारी भर सभेत नको ते बरळला, की दुसऱ्या दिवशी सकाळी ही मंडळी आमच्या चौथ्या मजल्यावर हजर. साहेब त्यांना आधी पाणी देतात, मग चहा देतात आणि मग म्हणतात, "काय झालंय ते मला सांगा. काय सांगायचंय ते नंतर बघू." एवढ्या भांडवलावर या माणसाने एकतीस वर्षं काढली. कार्डावर 'धोरणात्मक संवाद सल्लागार' असं लिहिलेलं आहे. म्हणजे काय, हे मी माझ्या आईला बावीस वर्षं समजावते आहे. ती शेजारणींना सांगते, "मोठ्या लोकांना पत्रं लिहून देतात." आईचंच बरोबर आहे.

मी त्यांची हेडबाई. हे नाव त्यांनीच ठेवलं, कारण त्यांचं लिखाण मी तपासते. आमची पद्धत ठरलेली आहे. साहेब कागदावर हाताने लिहितात, ते अक्षर जगात फक्त मला लागतं, म्हणून मी टाइप करते. मग आम्ही दोघं त्याच फाइलवर कातरकाम करतो. त्यांची दुरुस्ती निळी, माझी लाल. खोडलेलं पुसायचं नाही, त्यावर नुसती आडवी रेघ मारायची आणि का खोडलं ते बाजूला समासात लिहायचं. क्लायंटला ऐन वेळी कधीकधी खोडलेलंच हवं असतं, म्हणून हा रिवाज. सगळं पटलं की स्वच्छ प्रत काढायची. तोवर एकाच निवेदनाच्या सात-आठ फाइली झालेल्या असतात: 'अंतिम', 'अंतिम दोन', 'साहेबांनी बघितलेली अंतिम', 'हीच खरी अंतिम'. नव्या मुली हसतात. हसू द्या, त्यांची कंबर अजून शाबूत आहे.

साहेब कधी आवाज चढवत नाहीत. 'नाही' हा शब्द मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकला असेल, ते म्हणतात, "बघू या तसं." माफीचे त्यांच्याकडे तीन प्रकार असतात. आधी 'आम्हालाही वाईट वाटतं', ते पुरलं नाही तर 'आम्ही दिलगीर आहोत', आणि अगदीच गळ्याशी आलं तर 'आमचं चुकलं'. हा तिसरा प्रकार बावीस वर्षांत आम्ही दोनदा वापरला, आणि दोन्ही वेळा क्लायंट आमच्यावर वर्षभर फुगून बसला होता. पूर्वी मला या सगळ्याची मजा वाटायची. आपण किती हुशार, असं वाटायचं. आता सकाळी पुढल्या दाराची किल्ली फिरवतानाच थकवा येतो, आणि साहेबांकडे बघितलं की कळतं, त्यांनाही येतो. या महिनाअखेरीस ते निवृत्त होणार आणि ऑफिस माझ्या नावावर होणार, असं ठरलं होतं.

त्यांना एक मुलगी आहे. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. मग शाळा सुटली की ती थेट ऑफिसात यायची, माझ्या टेबलाखाली दप्तर फेकायची आणि माझ्याच खुर्चीवर बसायची. तिला अपूर्णांक मी शिकवले. पहिल्यांदा पोटात दुखायला लागलं तेव्हा औषधाच्या दुकानात तिला मीच नेलं, साहेब बिचारे कानकोंडे होऊन खिडकीबाहेर बघत उभे होते. ती मला मावशी म्हणायची. मला मूल नाही. ती मला माझीच वाटायची, हे मी कधी कुणापुढे बोलले नाही, आज इथे लिहिते आहे.

मुलगी इंजिनिअर झाली आणि लिफ्ट बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तपासणी खात्यात लागली. सहा वर्षांपूर्वी तिने वरिष्ठांना सांगितलं, की ब्रेकची चाचणी न घेताच कागदावर ती घेतल्याचं लिहिलं जातंय. वरिष्ठांनी कानाडोळा केला. तेव्हा ती सरकारी निरीक्षकाकडे गेली आणि गोष्ट वर्तमानपत्रात आली. नाव न छापता, 'कंपनीतल्याच एका कर्मचाऱ्याने' अशी. घरी ती यातलं काही बोलली नव्हती.

तिसऱ्या दिवशी लिफ्टवाले आमच्याकडे आले. त्यांनी आणलेली फाइल मी उघडली. दुसऱ्याच पानावर तिचं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. कंपनीवाल्यांना नातं ठाऊक नव्हतं. मी फाइल साहेबांपुढे सरकवली. त्यांनी ते पान वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पाहुण्यांना म्हणाले, "दोन दिवस द्या."

ते लोक गेल्यावर मी म्हटलं, "सर, हे आपण घ्यायचं नाही."

"आपण नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईल," साहेब म्हणाले. "आणि तो तिचं नाव छापून मोकळा होईल. आपल्या हातात असलं तर निदान नाव तरी बाहेर जाणार नाही."

मी फाइल उचलून माझ्या टेबलावर नेली. बोलणं अगदीच खोटं नव्हतं, हेच तर त्यांचं कसब. निवेदनात तिचं नाव खरंच आलं नाही. आलं ते एवढंच: 'एका असमाधानी कर्मचाऱ्याचा गैरसमज.' महिन्याभरात तिची नोकरी गेली. त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ती कोण हे ठाऊक होतं, त्यामुळे दुसरीकडेही कुणी उभं करेना. वर्षभराने कंपनीने गाजावाजा न करता सगळे ब्रेक बदलून दिले. त्याला 'नियमित सुधारणा' म्हणायचं, हेही आम्हीच सुचवलं. तेव्हापासून साहेब आमचे चार मजले जिन्याने चढून येतात. कुणी विचारलं तर सांगतात, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

निवेदन आमच्या ऑफिसात लिहिलं गेलं, हे मुलीला कळलं तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली. साहेब म्हणाले, "ती तू आहेस हे मला माहीत नव्हतं. त्यांनी नाव झाकून दिलं होतं." तिने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. सहा वर्षं झाली, ते मान डोलावणं माझ्या मानेतून गेलेलं नाही. ती निघून गेली, आणि नंतर ना त्यांच्या घरी आली, ना माझ्या.

गेल्या महिन्यात साहेबांच्या बहिणीचा फोन आला. आत्याबाई फोन मलाच करतात. भावावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. म्हणाल्या, "पोरगी काल येऊन गेली. तिची मुलगी आता चार वर्षांची झाली. सारखी विचारते, माझे आजोबा कुठायत. पोरगी म्हणाली, बाबाला म्हणावं एकदा मला पत्र लिही. काय झालं होतं ते लिही. ते वाचून ठरवीन, नातीला भेटवायचं की नाही. आणि हे बघ, त्याला सांग, तिथं तुझी मलमपट्टी चालायची नाही."

निरोप ऐकून साहेब टेबलावरच्या टाचण्या एका ओळीत लावत बसले. मग म्हणाले, "बघू या तसं."

पत्राला अकरा दिवस लागले. अख्ख्या बँकेची बाजू दोन तासांत सावरून देणारा माणूस स्वतःच्या मुलीला एक पान लिहीपर्यंत पार गळून गेला. बाराव्या दिवशी त्यांनी कागद माझ्याकडे दिला आणि मी नेहमीसारखा टाइप करायला घेतला. तिसऱ्या परिच्छेदात होतं: 'मला माहीत होतं. तुझं नाव दुसऱ्या पानावर होतं. मी ते वाचलं आणि तरी काम घेतलं. नंतर तुझ्याशी खोटं बोललो.'

समासात मी लाल अक्षरांत लिहिलं: 'हे काढावं. हे तिने विचारलेलं नाही.' धंद्यातला पहिला नियम आहे तो, न विचारलेल्याचं उत्तर देऊ नये. मी मनाची समजूत घातली, की मी साहेबांचं भलं बघते आहे, हे वाचल्यावर पोरगी उभ्या जन्मात त्यांना दारात घ्यायची नाही. ते खरं असेलही. पण त्या ओळी राहिल्या तर मी तेव्हा डोलावलेली मानही उघडी पडत होती. लिफ्टवाले आता आमचे सगळ्यात मोठे क्लायंट आहेत, आणि एक तारखेपासून ते माझे होणार होते. हेही माझ्या मनात होतं. नव्हतं असं म्हणण्यात अर्थ नाही.

साहेबांनी माझी टीप वाचली. त्या चार वाक्यांवर त्यांनी निळी रेघ मारली आणि वर लिहिलं: 'त्या वेळी परिस्थिती पुरेशी स्पष्ट नव्हती, असं आज मागे वळून पाहताना वाटतं.' वाक्य चांगलं होतं. कुठेही खपलं असतं.

दुपारी एका पोहण्याच्या तलावाचे मालक आले होते. तलावाची फरशी खचली होती आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांना पाणी, चहा, सगळं चाललं होतं. साहेब मला दारातूनच म्हणाले, "ते पत्र पाठवून दे." मी खुर्चीवर न टेकताच फाइल जोडली, मेल पाठवला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचं उत्तर आलं. 'खोडलेलंही वाचलं. शुक्रवारी अकराला ऑफिसात येते. दोघंही असा.'

मी फाइल उघडून बघितली. 'खरी अंतिम' जायची ती नुसती 'अंतिम' गेली होती. निळ्या रेघा, लाल टिपा, सगळं जसंच्या तसं. बावीस वर्षांत एकाही क्लायंटची फाइल मी चुकीची पाठवलेली नाही. मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. मला वाटलं, आज तरी हा माणूस ओरडेल. त्यांनी ड्रॉवरमधून कोरं पॅड काढलं, वर 'शुक्रवार' असं लिहिलं आणि खाली एक, दोन, तीन असे आकडे घातले.

"तू ती हो," ते म्हणाले. "विचार मला."

आमच्याकडे प्रत्येक क्लायंटची अशी तालीम होते. मी कधी पत्रकार बनते, कधी मृताची बायको, कधी संतापलेलं गिऱ्हाईक. त्या दिवशी मी त्यांची मुलगी झाले. मी विचारलं, "का केलंस?" त्यांनी उत्तर दिलं. नेटकं, समजूतदार उत्तर, जसंच्या तसं छापता येईल असं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी आणखी चांगलं दिलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी विचारलंच नाही. माझ्यात त्राण नव्हतं.

शुक्रवारी ती अकराला पाच मिनिटं असताना आली. कानशिलांवर केस पांढरे झाले होते, तिशीही संपली नव्हती पोरीची. काचेच्या भिंतीच्या मीटिंगच्या खोलीत ती बापासमोर बसली, आणि मी टेबलाच्या टोकाला, जिथे मी नेहमी बसते तिथे. तिने पिशवीतून दोन कागद काढले. एक आमचं पत्र, रंगीत छापलेलं. दुसरा सहा वर्षांपूर्वीचं निवेदन, घड्यांवर झिजलेलं.

"सगळ्यात आधी," साहेब म्हणाले, "तू वेळ काढून आलीस, हे माझ्यासाठी..."

"बाबा, तालीम केलीस ना?"

साहेब थांबले. "केली."

"किती वेळा?"

"चार."

"माझ्या जागी कोण होतं?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. क्षणभर वाटलं ही हसणार, आणि मला वेड्यासारखी आशा वाटली. पण ती हसली नाही.

"या ओळी कुणी खोडल्या?" तिने रंगीत कागदावर बोट ठेवलं.

"मी," साहेब म्हणाले.

"सुचवलं मी," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

"वाचलंय मी, मावशी. 'हे तिने विचारलेलं नाही.'" तिने ते वाक्य सपाट आवाजात वाचलं. "मी नेमकं हेच विचारलं होतं. काय झालं होतं ते लिही, एवढंच तर म्हटलं होतं."

मग तिने दुसरा कागद पुढे केला. म्हणाली, सहा वर्षांत तिने नोकरीसाठी अकरा ठिकाणी मुलाखती दिल्या. नऊ ठिकाणी हे निवेदन छापून टेबलावर ठेवलेलं होतं. 'असमाधानी' या शब्दाखाली एकाने तर पेनाने रेघ मारली होती. पुढच्या मंगळवारी बाराव्या ठिकाणी बोलावलंय. "तिथे या कागदाच्या बाजूला ठेवायला मला दुसरा कागद पाहिजे. ऑफिसच्या नावाचा. तू खोडलंस तेच लिहायचं, आणि मी सांगत होते ते बरोबर होतं, हेही. हे लिहिलं तर तुझं आणि माझं काय ते पुढे बघू. नाही लिहिलं तर मी उठते."

साहेबांच्या तोंडून काय निघणार हे मला पाठ होतं. 'बघू या तसं.' ओठ तसे हललेही. पण ते उठले, माझ्या टेबलावरून नाव छापलेला कोरा कागद घेऊन आले आणि उभ्या उभ्याच लिहायला लागले. चार-पाच ओळी असतील. कुठेही थांबले नाहीत. अक्षर तेच वेडंवाकडं, पण या खेपेला कुणालाही लागेल असं. खाली सही केली, तारीख घातली. सही करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

तिने कागद वाचला. मग तो टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"मावशी, तुझी सही."

"माझी कशाला?" मी म्हटलं.

"फाइल तूच उघडली असशील. इथे सगळ्या फाइली तूच उघडतेस."

मी कागदाकडे बघत राहिले. हा कागद मंगळवारी कुणाच्या तरी टेबलावर जाणार, तिथून आठवड्याभरात लिफ्टवाल्यांकडे. साहेब तोवर घरी बसलेले असतील. दारावर पाटी माझ्या नावाची असेल, आणि मला अजून आठ वर्षं काम करायचं आहे. हे सगळं मी मनात मोजलं. किती वेळ लागला सांगता येत नाही. बाहेर चहाचं मशीन घरघरलं, थांबलं, कुणीतरी कप उचलला. मग मी पेन घेतलं आणि सही केली.

सही केली, हे खरं. पण ती होईपर्यंत पोरगी माझ्याकडे एकटक बघत होती.

तिने कागदाची घडी घातली आणि तो पिशवीत ठेवला. उठली. साहेबही उठले. त्यांना तिला काहीतरी विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. एकतीस वर्षं लोकांना बोलायला शिकवणारा माणूस हातातल्या पेनाचं टोपण उघडत-मिटत उभा होता.

"रविवारी आत्याकडे येतोय आम्ही दोघी," तीच म्हणाली. "जेवायला ये. माझी लेक गप्प बसत नाही, सांगून ठेवते. हजार प्रश्न विचारते."

"येतो," साहेब म्हणाले. "येतो मी. आणि मावशीला पण..."

"नाही."

ती दारात थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला राग चालला असता.

"तू निदान लिहिलं तरी होतंस, बाबा," ती म्हणाली. "मावशीने ते माझ्यापर्यंत पोचूही दिलं नसतं. पोचलं ते चुकून."